आमच्याच घरातून गेलेला निरोप

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला, सुधीरला नाही, आईला नाही — गणपतीत देवासमोर डोळे मिटून उभी राहते, तेव्हाही मनातल्या मनात या विषयाला वळसा घालूनच पुढे जाते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही आमच्या गावच्या मंडळातले नाही म्हणून असेल. किंवा — असाही संशय येतो मला — तुमच्यासमोर वाईट दिसले तरी माझं काही बिघडत नाही, म्हणून असेल. संशय घ्यायची खोड माझी जुनी. भाजीवाल्याच्या वजनापासून शेजारणीच्या हसण्यापर्यंत सगळीकडे मला आधी काळंबेरं दिसतं आणि मग माणूस. सासरी हा माझा गुण समजला जायचा. "हिला कोणी फसवू शकत नाही हां," असं सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या. मीही ते खरं धरून चालले.

तर — कॉम्प्युटर. तिथूनच सुरुवात करायला हवी.

आमची घाटकोपरची चाळ पाडून तिथे इमारत झाली, त्या सुमारास मी शिकवत होते ते कॉम्प्युटर क्लासेस बंद पडले. तिथला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला. हौस म्हणून आमच्या सोसायटीची वेबसाइट त्यावर चालवून बघितली, आणि ती चालली! मग बोरिवलीच्या माझ्या भावाच्या मालवणी मसाल्यांची आली. मग भजनी मंडळाची. शेवटी सुधीरच्या गावच्या मुंबई मंडळाची वधूवर सूचक वेबसाइट. लोकांच्या वेबसाइट्स कुठेतरी लांब, गारेगार खोल्यांमधल्या मोठ्या मशीनवर असतात. माझ्या चारही आमच्या हॉलमध्ये, शोकेसशेजारच्या स्टुलावर, टेबलफॅनच्या वाऱ्यात. इस्त्री आणि मिक्सर एकदम लावले की फ्यूज उडायचा, आणि एका दमात मसाले, भजनं आणि गावातली सगळी लग्नाळू मुलं-मुली अंधारात जायची. आम्ही हसायचो. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आम्ही म्हणजे मी आणि वंदना. वंदना माझी नणंद, सुधीरची धाकटी बहीण. लग्न झालेलं नव्हतं, एका चष्म्याच्या दुकानात हिशेब बघायची. सासू-सासरे गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. आतली लहान खोली तिची. तसं पाहिलं तर घरच तिचं — ती त्या जागेवरच्या चाळीत जन्मली, मी मागाहून आले. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं.

सुधीर कॉम्प्युटरला हात लावत नाही. त्याला मोबाइलवर मॅच बघता आली की पुरे. मी घरात नसताना वीज गेली-आली, तर मशीन पुन्हा सुरू करायचं काम वंदनाचं. पासवर्ड मीच तिला शिकवला होता. तिचं अक्षर मोत्यासारखं. स्विचबोर्डावर तिने एक चिठ्ठी डकवली होती — 'हे बटण बंद करू नये. पाहुण्यांनीसुद्धा.' ती चिठ्ठी अजून आहे.

आता तो निरोप.

वधूवरच्या वेबसाइटवर अशी सोय होती, की एखाद्या स्थळाबद्दल विचारायचं असेल तर तिथल्या तिथे लिहायचं. ते त्या घरच्यांना पोचायचं. नाव घातलंच पाहिजे अशी सक्ती मी ठेवली नव्हती. आमच्याकडची माणसं बुजरी, मुलीकडचे नावानिशी विचारायला कचरतात, म्हणून. एकदा मंडळातल्या एका मुलाचं लग्न ठरलं — मुलगा मुलुंडचा, मुलगी बोरिवलीची. साखरपुड्याची तयारी झाली. आणि मुलीच्या वडिलांना वेबसाइटवरून बिननावाचा निरोप गेला — मुलाच्या तब्येतीची नीट चौकशी करा, आधीचं का मोडलं तेही विचारा. बस, एवढंच. साखरपुडा मोडला. काडी घालणाऱ्याला एक ओळ पुरते.

मुलाची आई मंडळाच्या परबकाकांकडे रडत गेली. परबकाका आमचे सेक्रेटरी, सगळ्या गावाचे काका. त्यांनी मला फोन केला. "तुझ्या कॉम्प्युटरात सगळा दिसता मां गो? मगे बघ, कोणाचा काम ता."

दिसतं. हे मीच तर अभिमानाने सगळ्यांना सांगितलं होतं. येणाऱ्या प्रत्येक निरोपाबरोबर एक आकडा येतो, पाठवणाऱ्याच्या पत्त्यासारखा. तो कुठला, हे साधारण कळतं. मी उघडून बघितलं. समोरचा आकडा मुलुंडचा नव्हता, बोरिवलीचा नव्हता. कॉम्प्युटर जाणणाऱ्या कोणालाही तो आकडा पाठ असतो, कारण त्याचा अर्थ एकच — हेच मशीन. निरोप याच कॉम्प्युटरवरून गेला होता. आमच्या हॉलमधून. त्या स्टुलासमोर बसून.

मी पाठवला नव्हता. मग राहिलं कोण?

आणि कारणही होतं, बघा ना! हाच मुलुंडचा मुलगा आधी वंदनाला बघायला आला होता. आमच्याच हॉलमध्ये चहा-पोहे झाले, मग ती दोघं एकदा जुहूला फिरूनही आली. येताना तिने माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. पुढे त्यांच्याकडून नकार आला, तोही परबकाकांमार्फत. 'आधीचं मोडलं' ते हेच. वंदना दोन दिवस गप्प होती, मग पुन्हा दुकानात जाऊ लागली. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, ही एवढी शांत कशी? पाणी कुठेतरी मुरतंय.

तर मुरलेलं पाणी मला सापडलं. मला काय वाटलं सांगू? दुःख नाही झालं. आत कुठेतरी टुण्णकन आनंद झाला. बघा, मला कोणी फसवू शकत नाही!

सुधीरला सांगितलं. त्याने वंदनाला स्वयंपाकघरात गाठलं. ती कढीसाठी सोलं भिजत घालत होती. "वंदे, तू केलंस हे?" ती आधी हसली, तिला वाटलं मस्करी चालली आहे. मग त्याचा चेहरा बघून माझ्याकडे वळली. "काय बोलतोय हा? वहिनी, तू तरी सांग ना त्याला. तुला ठाऊक आहे ना गं मी कशी आहे ते?"

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही गं."

ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली. स्वतःच्या अक्षरातल्या त्या चिठ्ठीकडे, शोकेसकडे, पुन्हा माझ्याकडे. ती गप्प बसली म्हणजे कबूल केलं, असा अर्थ मी काढला. दुसरा अर्थ असू शकतो हे मला सुचलंच नाही — की माझ्याशी बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

मग परबकाकांना फोन. तो मी का केला? पाठवणारा सापडला नाही असं सांगता आलं असतं. पण मग त्यांना माझ्या कामाविषयी शंका आली असती — आणि मला तर चारचौघांत चोख दिसायचं होतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "काका, बाहेरून नाही आलेलं. आमच्याच घरातून गेलंय. आता विषय इथेच मिटवा ना." मंडळात 'विषय मिटवा' म्हणजे नाव न घेता नाव सांगणं, हे गावच्या पोरासोरांनाही कळतं. हळदीकुंकवाला बायका वंदनाशी बोलताना एकमेकींकडे बघायला लागल्या. तिचं स्थळ वेबसाइटवरून काढा असं परबकाकांनी सांगितलं, आणि ते मी काढलं. माझ्या हाताने. एक बटण दाबलं, आणि मंडळापुरती ती लग्नाची राहिली नाही.

तिने सांताक्रूझला मैत्रिणीबरोबर भाड्याची जागा बघितली. गेली त्या दिवशी सुधीर बाथरूममध्ये जाऊन बसला. बॅगा घेऊन मी खाली उतरले. रिक्षात बसताना ती म्हणाली, "पंख्यात धूळ साचलीय. पुसून घे, नाहीतर गरम होईल तुझं मशीन." एवढंच. टोमणा होता का? मी रिक्षा वळेपर्यंत हाच विचार करत होते.

काही दिवसांनी कॉम्प्युटर तिच्या खोलीत हलवला. तिथे हवा चांगली येते. चिठ्ठीही काढून नव्या स्विचबोर्डावर लावली, कारण तशी दुसरी माझ्याच्याने लिहिली गेली नसती.

आता पुढचं. इथपर्यंतचं कदाचित तुम्ही माफही कराल — चूक झाली, होते माणसाच्या हातून. थांबा.

वंदना जाऊन बरेच महिने झाले होते. मी बोरिवलीला आईकडे गेले होते. दुपारी जेवणं झाली, आणि भाऊ तक्रार करत होता की त्याच्या मसाल्यांच्या वेबसाइटवरून ऑर्डरी येत नाहीत. मी म्हटलं बघू, आणि तिथेच आईच्या पलंगावर बसून मोबाइलवरून एक खोटी ऑर्डर पाठवली. मालवणी मसाला, अर्धा किलो. मग माझ्या कॉम्प्युटरवर शिरून ती आली का ते बघितलं. आली होती. शेजारी पत्ता होता.

हेच मशीन.

मी बोरिवलीत बसले होते. आई शेजारी घोरत होती. आणि माझा कॉम्प्युटर मला सांगत होता की मी घाटकोपरला आहे, वंदनाच्या खोलीत, त्याच्यासमोर.

काय झालं होतं ते समजायला मला क्षणही लागला नाही. एका मशीनवर चार वेबसाइट्स म्हणजे एका इमारतीत चार बिऱ्हाडं. दरवाजा एकच. पूर्वी मी सगळं कसंबसं निभावत होते. चौथी वेबसाइट आली तेव्हा नीट मांडणी केली — दारात एक वॉचमन बसवला, म्हणजे तसा एक प्रोग्राम. आलेल्याला तो विचारतो, कोणाकडे जायचंय? आणि योग्य त्या बिऱ्हाडात पाठवतो. फक्त मी त्याला एक सांगायला विसरले. वर निरोप देताना पाहुण्याचं नाव सांग, असं. तो आपला प्रत्येक वेळी स्वतःचंच नाव सांगत होता. वॉचमन आला, वॉचमन आला, वॉचमन आला. मुलुंडहून कोणी लिहो, मालवणहून लिहो, दुबईहून लिहो — सगळे निरोप आमच्याच घरातून.

आणि मांडणी केली तेव्हा मी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं ना! स्टुलासमोर बसून, त्याच कॉम्प्युटरवरून. 'हेच मशीन' असं उत्तर आलं. बरोबरच आलं. घरातच बसून घराची परीक्षा घेतली, आणि पास करून टाकलं.

एका ओळीची दुरुस्ती होती. बोरिवलीहूनच केली. पुन्हा एक खोटी ऑर्डर पाठवली, पत्ता बरोबर आला. भाऊ म्हणाला, "झालं? झकास!" मी म्हटलं, झालं.

घरी आले. सुधीर मॅच बघत होता. "काय म्हणते आई?" "बरी आहे." तेव्हा सांगायला हवं होतं. चपला काढता काढता. वंदनाने काही केलं नव्हतं रे — एवढं एक वाक्य. मी हातपाय धुतले, चहा टाकला. चहा पिताना सांगू म्हटलं. मग विचार आला, मंडळात काय तोंड दाखवू? लोक म्हणतील, हिला एवढंही येत नाही आणि चालली वेबसाइट्स चालवायला. म्हणजे बघा — तिची अब्रू आणि माझी हुशारी समोरासमोर ठेवली, आणि मी हुशारी उचलली. त्या आठवड्यात जुन्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. मशीनमध्ये जागा कमी पडते म्हणून, असं कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

भाऊबिजेला सुधीरने ताट मांडायला सांगितलं नाही. नुसता खिडकीशी उभा राहिला. "एक फोन तरी करायचा तिने," म्हणाला. मी म्हटलं, "अपराधी माणूस कसा करेल फोन?" हे मी तेव्हा म्हटलं. सगळं ठाऊक झाल्यानंतर.

मग तो निरोप पाठवला कोणी? आजही माहीत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात मी एकेकाचे चेहरे न्याहाळते. ती जाड काकणांची मावशी? मुलीकडचंच कोणी, ज्यांना ते लग्न नको होतं? स्वतः परबकाका? सगळ्यांवर संशय घेऊन झाला माझा.

अजून एक राहिलं आहे. इथवर मी जे सांगितलं त्यात एक गोष्ट झाकून ठेवली आहे. तुमच्या लक्षात आली का? माझ्यासारखा कोणी वाचत असेल तर आली असेल.

त्या पहिल्या दिवशी, परबकाकांचा फोन आल्यावर मी नोंदी उघडल्या, तेव्हा तो एकच निरोप का समोर होता? वर-खाली बाकीचे नव्हते का?

होते. त्याच्या अगदी वरची ओळ दुबईहून आलेल्या निरोपाची होती. तिथला एक मुलगा, त्याने नावगाव सगळं लिहून मुलीची पत्रिका मागितली होती. त्याच्या शेजारी आकडा — हेच मशीन. मी तो वाचला. नजर त्याच्यावर थांबली. मनात आलं, हा कसा काय आमच्या हॉलमधून लिहील? एवढं मनात आलं, पूर्ण वाक्य आलं, आणि मी स्क्रीन बंद केला. कारण मला पाहिजे ते मिळालं होतं. ती शांत मुलगी, तो गजरा, ती आतली खोली — सगळं माझ्या मनात आधीच जुळलेलं होतं. कॉम्प्युटरवर तेवढा एक दिवस संशय घ्यायला हवा होता, आणि जन्मभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या मला नेमका तेव्हा तो घ्यायचा नव्हता. बोरिवलीत जे कळलं, ते मला नवीन नव्हतं. ते मला पहिल्यापासून अर्धं ठाऊक होतं.

वंदना आता रुखवतं करते. दुकान सांभाळून, सुट्टीच्या दिवशी. साखरेची बैलगाडी, सुपारीचा नवरा-नवरी, मोत्यांची रांगोळी. लोक नावाजतात. मागच्या महिन्यात इतक्या काळाने तिचा फोन आला. "वहिनी, माझ्या रुखवतांची एक वेबसाइट करशील? फोटो बघायला मागतात गं लोक." मी घाईघाईने म्हटलं, हल्ली बाहेर कुठेही ठेवता येते, चांगली सोय असते, मी बघून देते. ती म्हणाली, "नको. तुझ्याच कॉम्प्युटरवर ठेव ना."

माझ्याच का?

मी केली. पाचवी. तिच्या वस्तूंचे फोटो तिच्याच खोलीत बसून एकेक करून चढवले. मला वाटत होतं, तिला कळलंय. दुकानात येणाऱ्या कोणी जाणत्याने सांगितलं असेल, की असं होऊ शकतं, घराबाहेरचा निरोपही घरातलाच दिसू शकतो. मग दुसऱ्या क्षणी वाटायचं, छे, तिचा नुसता विश्वास आहे. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

वेबसाइट सुरू झाली तसा तिने तपासायला म्हणून पहिला निरोप पाठवला. माझ्यासमोर आला.

"वहिनी, हा कुठून आला ते तुला दिसतं ना?"

शेजारी पत्ता होता. बरोबर होता. आमचा नव्हता.

मी उत्तर लिहिलं, "हो, दिसतं. तुझ्या घरून."

तिचं घर तर हे होतं. तिच्या खोलीत बसून मी ते लिहिलं, आणि पाठवून दिलं.